कागदाला खरे काम देणारा खेळ

व्हिडिओ गेम खेळण्यासाठी घरातला प्रिंटर सुरू करावा लागला, तर अनेकांना ती कटकट वाटते. मला मात्र असे वाटते की, खेळ रचणाऱ्याने त्या कागदावर खरी जबाबदारी सोपवली असेल, तर पडद्याला एकट्याने कधीच जमणार नाही ते कागद साधून देतो.

कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१५ साली आणलेला ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ हा खेळ घ्या. एका खेळाडूला पडद्यावर बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा हे त्याला ठाऊक नसते. ती माहिती २३ पानांच्या पुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका ज्यांच्या हाती असते त्यांनी पडद्याकडे पाहायचे नसते. म्हणजे अर्धा खेळ संगणकात आणि अर्धा आपल्या प्रिंटरमधून बाहेर पडलेल्या पानांवर, आणि या दोन अर्ध्यांना जोडणारा दुवा फक्त माणसांचे बोलणे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो घरी खेळलो. पुतणी लॅपटॉपसमोर बसली होती, तर वहिनी आणि मी सतरंजीवर पाने पसरून तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. चार चिन्हे योग्य क्रमाने दाबायची होती. “काका, एक त्रिशूळ आहे, एक हसरं तोंड आहे, एक सी आहे, त्याच्या मध्ये टिंब आहे, आणि एक चांदणी.” वहिनींनी लगेच विचारले, “चांदणी पोकळ की भरीव?” हा प्रश्न नेमका होता, कारण पुस्तिकेतल्या सहा रकान्यांपैकी ज्या एकाच रकान्यात चारही चिन्हे सापडतात, तो ओळखण्यासाठी चांदणीचा हा फरक महत्त्वाचा असतो. त्या चिन्हांना नावे नव्हती, ती आम्ही आमच्या भाषेत तिथल्या तिथे दिली, आणि कागद नसता तर ही वेळ आमच्यावर आलीच नसती.

ही पुस्तिका फोनवरही वाचता येते, हे मला मान्य आहे. पण फोनवर एका वेळी एकच पान दिसते आणि ते एकाच माणसाच्या हातात राहते. छापलेली पाने वाटून घेता येतात, शेजारी शेजारी मांडता येतात आणि मुख्य म्हणजे त्यांवर पेन्सिल चालवता येते. पुस्तिकेत नऊ चक्रव्यूह आहेत. बॉम्बसमोरच्या खेळाडूला त्यांच्या भिंती दिसत नाहीत, म्हणून कागदावर वाट रेखत “वर, वर, आता उजवीकडे” असे सांगावे लागते.

याआधी निन्टेंडो या जपानी कंपनीने १९९८ साली गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी छोटा प्रिंटर आणला होता. कागदाच्या अरुंद गुंडाळीवर तो उष्णतेने चित्र उमटवत असे; ‘पोकेमॉन यलो’ या खेळातल्या प्राण्यांची माहिती किंवा ‘झेल्डा’ या खेळाच्या एका आवृत्तीत उंदीर छायाचित्रकाराने काढलेले फोटो त्यातून छापून घेता येत. ती कल्पना मला मनापासून आवडते, पण तिथे कागद हा खेळून झाल्यानंतरची आठवण होता. कागद न छापताही खेळ तसाच पुढे चालत असे. माझ्या दृष्टीने खरा फरक इथेच आहे: कागद खेळातून बाहेर येतो की कागदावरून खेळात काही जाते.

ज्यांना असे खेळ रचायचे असतील त्यांनी पाने थोडी ठेवावीत, ती काळ्या शाईत स्पष्ट वाचता येतील याची काळजी घ्यावी आणि रंगीत पार्श्वभूमी पूर्णपणे टाळावी, कारण मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी घेतलेल्या प्रिंटरची शाई स्वस्त नसते आणि घरी प्रिंटर नसलेल्यांना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रत्येक पानाचे पैसे मोजावे लागतात. घडी घालण्याची, कात्रीने कापण्याची, उजेडासमोर एकावर एक धरून पाहण्याची पाने तर मला अजून फारच थोड्या खेळांत दिसली आहेत.

आमची पुस्तिका आता फाइलमध्ये लावलेली आहे. चक्रव्यूहांची पाने खोडून खोडून विरली, म्हणून तेवढीच पुन्हा छापून घेतली आहेत; पुतणी मे महिन्यात येईल तेव्हा बॉम्बसमोर मी बसायचे, असे ठरले आहे.