अनुवाद २३ वाचलात, आता यशया ५६ वाचा

चर्चच्या महिला संघाच्या ग्रुपवर फिरत फिरत तो मेसेज शेवटी माझ्या मावशीकडे आला. तिची मुलगी ट्रान्सजेंडर आहे हे त्या ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तो ‘चुकून’ आला असं मी मानत नाही. मथळा होता ‘तृतीयपंथीयांना मंडळीत घेणं हा वचनद्रोह : पाच पुरावे’. मंडळी म्हणजे चर्च, वचन म्हणजे बायबल. खाली नेहमीचं ‘आमेन लिहून पुढे पाठवा’. मावशीनं पुढे पाठवला तो फक्त मला, आणि विचारलं, “शास्त्रात खरंच असं आहे का रे?”

तिसरा पुरावा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्याच जोरावर उभे आहेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २३:१ प्रमाणे, ज्याचा अंडकोश चिरडलेला किंवा लिंग कापलेलं आहे त्यानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, आणि मेसेज म्हणतो, विषय संपला. वचन आहे, नाही कशाला म्हणू? पण विषय तिथे संपत नाही. यशया ५६ मध्ये परमेश्वर म्हणतो की षंढानं स्वतःला वठलेलं झाड म्हणू नये. जो माझे शब्बाथ पाळतो, माझा करार धरून राहतो, त्याला मी माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलगे-मुलींपेक्षाही श्रेष्ठ नाव देईन, आणि ते कधी पुसलं जाणार नाही. ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं, त्यालाच उद्देशून हे सांगितलं आहे. लिहिणाऱ्याला अनुवादाचा २३वा अध्याय बरोबर सापडतो आणि हा सापडत नाही, याला काय म्हणायचं?

पुढे प्रेषितांची कृत्ये, ८वा अध्याय. इथियोपियाच्या राणीचा खजिनदार, षंढ, यरुशलेमला उपासनेसाठी जाऊन परत निघाला आहे. गाझाकडची ओसाड वाट. रथात बसून तो यशया मोठ्यानं वाचतो आहे, ५३वा अध्याय, वधायला नेलेल्या मेंढराचा. म्हणजे त्याच्याविषयीचं ते वचन त्याच ग्रंथात जेमतेम तीन अध्याय पुढे आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प धावत रथ गाठतो, खजिनदार त्याला शेजारी बसवून घेतो, बोलणं होतं. मग पाणी दिसतं आणि खजिनदार विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला आडकाठी काय?

अनुवाद २३ बाहेर काढायला याहून चांगली संधी कुठली? फिलिप्प ते काढत नाही. ‘आधी कमिटीपुढे ठेवतो’ असंही म्हणत नाही. काही हस्तलिखितांत इथे त्याच्या तोंडी एक अट आहे, तीही मनापासून विश्वास असण्याची, शरीराची नव्हे. दोघं पाण्यात उतरतात.

आता कुणी म्हणेल, त्या काळचा षंढ आणि आजची ट्रान्सजेंडर व्यक्ती एक नव्हेत. मान्य, नाहीतच. पण मग अनुवाद २३ सुद्धा तिला लागू होत नाही. हाकलताना एक आणि स्वागत करायची वेळ आली की वेगळे, हे चालणार नाही.

पहिला पुरावा उत्पत्ती १:२७ : देवानं नर आणि नारी निर्माण केली. येशूनं हेच वचन मत्तय १९ मध्ये घेतलं आहे, चौथ्या वचनात. त्याच संभाषणात, बाराव्या वचनात, तो जन्मापासूनचे षंढ, माणसांनी केलेले षंढ आणि स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला तसं करून घेतलेले यांच्याविषयी बोलतो. दोष कुणालाच देत नाही. त्याला ही दोन वचनं एका दमात बोलता आली.

दुसरा पुरावा कपड्यांचा, अनुवाद २२:५. सहा वचनं पुढे लोकर आणि ताग एकत्र विणलेलं वस्त्र घालू नका असं आहे. तेव्हा कुणी शर्टाचं लेबल तपासत नाही. फ्रान्सची लढवय्यी जोन ऑफ आर्क ट्रान्सजेंडर होती असा माझा दावा नाही, पण तिनं पुन्हा पुरुषी कपडे घातले हे कारण पुढे करून १४३१ मध्ये तिला जाळलं. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये तिला संतपद मिळालं.

चौथा पुरावा, ‘दोन हजार वर्षांत असं झालं नाही, व्हॅटिकनचीही बंदी आहे’. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं देतो. ३२५ साली निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा पहिलाच नियम सांगतो की निरोगी असताना ज्यानं स्वतःला खच्ची केलं त्यानं धर्मसेवक राहू नये. आजारपणात वैद्यांनी किंवा शत्रूंनी केलं असेल त्यानं खुशाल राहावं. पण नियम धर्मसेवकांचा आहे, बाकावर बसणाऱ्यांचा नाही. व्हॅटिकनच्या २०२४ च्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या दस्तऐवजात लिंगबदलावर टीका आहे, हेही खरं. मात्र ज्या खात्यानं तो काढला, त्याच खात्यानं ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्राझीलच्या एका बिशपांना लेखी उत्तर दिलं होतं, पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेनं : हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रिया झालेली ट्रान्सजेंडर व्यक्तीही इतर विश्वासणाऱ्यांच्याच अटींवर बाप्तिस्मा घेऊ शकते, लोकांत गोंधळ किंवा लोकापवाद माजणार नसेल तर. लग्नात साक्षीदार व्हायलाही हरकत नाही. अट आहे, ती मी लपवत नाही. पण याला बंदी म्हणत नाहीत.

पाचवा पुरावा वाचून मात्र डोकं फिरलं. ‘बाहेर ठेवा, म्हणजे पश्चात्ताप होईल, हेच खरं प्रेम.’ आधार १ करिंथ ५, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. पौल तिथे बापाच्या बायकोला ठेवणाऱ्या माणसाविषयी बोलतो आहे, आणि पुढच्या यादीत लोभी, निंदक, दारुडेही आहेत. ती यादी रविवारी दारावर लावली तर उपासनेला कोण उरेल? मावशीच्या मुलीला प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसायला सुचवलं होतं. भाकरीचं ताट तिच्या रांगेपर्यंत येण्याआधीच ती उठून गेली. यातून तिला कसला पश्चात्ताप व्हावा अशी अपेक्षा आहे?

लूक १९ मध्ये, ज्याला लोक पापी समजत तो जकातदार जक्कय झाडावर असतानाच येशू म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक लगेच कुरकुर करतात. जक्कयनं अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं कबूल केलं ते त्यानंतर. येशूनं त्याला कुठलीही अट घातली नव्हती.