सिझरच्याच टेबलावर टमी टक? ताई, जरा दमानं

नागपुरातल्या बायकांच्या ग्रुपांवर टमी टकचा, म्हणजे पोटाची सैल कातडी-चरबी कापून काढायच्या ऑपरेशनचा, एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मनीषनगरच्या सोसायटीतून आला तसाच महालातल्या भिशीच्या ग्रुपवरूनही माझ्याकडे आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "सिझर होणारच असेल तर त्याच टेबलावर टमी टक करून घ्या. एकच भूल, एकच चिरा, एकच सुट्टी. सुटलेलं पोट व्यायामानं कधीच आत जात नाही. उशीर केला तर कातडी कायमची लोंबते. दहा किलो वजन जागेवर उतरतं. हर्निया म्हणून लिहून घेतलं की विम्यातही बसतं."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतर पाठ धरलेल्या, पोट सैल पडलेल्या बायका रोज माझ्याकडे येतात. टमी टकला माझा विरोध नाही. काहींना त्याची खरंच गरज असते आणि त्यांचं ते उत्तम होतं. पण मेसेजमध्ये सांगितलेली वेळ साफ चुकीची आहे.

"एकच भूल, एकच चिरा." चिऱ्यापासूनच सुरू करू. सिझरचा चिरा ओटीपोटावर साधारण वीतभर. टमी टकचा चिरा एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो, कातडी वर बरगड्यांपर्यंत सोडवतात, मधले सैल स्नायू शिवतात, बेंबीला नव्या जागी भोक पाडून बाहेर काढतात. हे दोन चिरे एक कसे झाले?

बरं, कातडी कापायची ती किती? सिझर संपतं तेव्हा गर्भाशय अजून बेंबीच्या आसपास असतं. ते मूळ आकाराला यायला सुमारे 6 आठवडे लागतात. अंगावर सूज असते, पोट ताणलेलं असतं. अशा पोटावर खुणा करणं म्हणजे न आटवलेल्या ओल्या सुती कापडावर ब्लाऊज बेतणं. वरून रक्ताच्या गुठळ्यांची भीती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या 6 आठवड्यांत पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा कितीतरी जास्त असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. टमी टकमध्येही हाच धोका असतो. दोन्ही एकाच दिवशी अंगावर का घ्यायचे? शिवाय रक्तस्राव वाढतो तो वेगळाच, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाळंतिणी काही थोड्या नाहीत.

"एकच सुट्टी" हे नोकरीवालीला पटकन पटतं. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते, त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधीही घेता येतात. गंमत अशी की टमी टकचा विचार सुरू करायचा तो बाळंतपणानंतर किमान 6 महिन्यांनी, खरं तर वर्षानं. म्हणजे रजा संपते तिथून पुढे.

आता व्यायामाचं. गुडघे मोडून उताणं झोपा, बोटं बेंबीवर आडवी ठेवा आणि डोकं थोडंसं उचला. मध्यरेषेत बोटं आत जातात का बघा. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत. याला डायस्टॅसिस म्हणतात. बाळंतपणानंतर दोन महिन्यांत बायका हे करून बघतात आणि घाबरून जातात. नॉर्वेत पहिलटकरणींवर झालेला, 2016 साली छापून आलेला एक अभ्यास आहे. ही फट 6 आठवड्यांनी 60 टक्के बायकांत होती, 6 महिन्यांनी 45 टक्क्यांत, वर्षानं 33 टक्क्यांत. बघा, वर्षभरात चित्र किती बदलतं! दुसऱ्या महिन्यात सर्जनकडे धावणाऱ्यांपैकी कितीतरी जणींचं काम शरीर आपणच करत असतं.

पण व्यायामाची भलामणही मी करणार नाही. व्यायामानं खोलवरचे स्नायू पोट धरायला शिकतात, पाठीला आधार मिळतो. फट प्रत्येकीची मिटेलच असं नाही, आणि सैल कातडी तर व्यायामानं आत जातच नाही. सासूबाईंच्या पोटपट्ट्याचंही तसंच. उठता-बसता आधार वाटतो, टाके ओढत नाहीत, तेवढा चांगला. श्वास कोंडेल इतका आवळला तर दाब खाली जातो, आणि शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास असेल तर तो वाढतो.

"उशीर केला तर..." काही होत नाही. टमी टकला मुदत नसते. पाच वर्षांनीही करता येतं. उलट घाई नडते. अंगावर पाजणं बंद होऊन तीन ते सहा महिने झालेले हवेत, वजन काही महिने एका जागी टिकलेलं हवं, आणि आणखी मूल नको हे पक्कं ठरलेलं हवं. टमी टकनंतर दिवस राहू शकतात, बाळंतपणही होऊ शकतं, पण शिवलेलं पोट पुन्हा ताणलं जातं आणि पैसे पाण्यात जातात.

सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कडेवरचं पोर. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं असतं. ऑपरेशननंतर सुमारे 6 आठवडे जड उचलायचं नाही. सुरुवातीचे दिवस तर कमरेत वाकूनच चालावं लागतं. रात्री ते रडत उठलं की उचलणार कोण, हे आधी ठरवा, मग तारीख घ्या. तारीखही बघूनच: नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा ऑपरेशननंतरचा घट्ट पट्टा रात्रंदिवस घालून बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. मी तरी दिवाळी ते संक्रांत सुचवेन.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. आपल्याकडे बायकाही खातात, तंबाखूची पूड (नस) दातांना लावतात, पण डॉक्टरला "व्यसन नाही" म्हणून सांगतात. निकोटिन धुरातून गेलं काय नि तोंडातून गेलं काय, बारीक रक्तवाहिन्या आवळतंच. बेंबीखालची कातडी काळी पडून मरू शकते. निदान 4 आठवडे आधी बंद, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. सर्जनला खरं सांगा. सर्जनही प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला आहे का, हे विचारायला लाजू नका.

दहा किलो? टमी टकमध्ये निघालेली कातडी-चरबी सहसा किलो-दोन किलो भरते. स्ट्रेच मार्क्सही कापलेल्या भागावरचे तेवढेच जातात.

राहिला विमा. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन आरोग्य विम्यातून वगळलेलं असतं. नसलेला हर्निया लिहून घेणं ही सरळ फसवणूक आहे. त्यात दावा जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पण बेंबीशी खरंच गोळा येत असेल, खोकताना फुगत असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. तो हर्निया निघाला तर त्याची दुरुस्ती विम्यात बसू शकते. कातडी कापण्याचा खर्च मात्र तुमचाच. दोन्हींचं बिल वेगळं कसं होणार, हे कंपनीकडून भरती व्हायच्या आधी लेखी घ्या.