गाव उठवलं की जंगल वाचतं?

तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस बेटावर पोचला आणि डोडो पक्षी संपला, निर्मनुष्य बेटं सुरक्षित आहेत, बेटावरच्या लोकांना पोटापुढे पक्षी दिसत नाहीत, म्हणून आपल्याकडचीही जंगलातली गावं उठवा. आमच्या भागात पुनर्वसनाचा विषय निघाला की लोक आता हेच ऐकवतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

डोडोचं आधी. मॉरिशसवर डच खलाशी १५९८ मध्ये उतरले. त्यांनी शिकार केली, खरं आहे. पण जमिनीवर घरटं करणाऱ्या त्या पक्ष्याची अंडी-पिल्लं खाल्ली ती जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी. बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारं तेव्हा कुणी नव्हतंच. दोष द्यायचा कुणाला?

निर्मनुष्य बेट सुरक्षित, हा तर सगळ्यात पोकळ मुद्दा. दक्षिण अटलांटिकमधल्या गफ बेटावर हवामान केंद्राचे मोजके कर्मचारी सोडले तर कुणी राहत नाही. एकोणिसाव्या शतकात शिकारी जहाजांतून तिथे साधे घरगुती उंदीर पोचले. आज ते अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात. असा शत्रू त्या पक्ष्यांनी कधी पाहिलेलाच नाही. पिल्लू घरट्यात बसून राहतं आणि पाठीवरची जखम वाढत जाते. २०२१ मध्ये उंदीर मारायला हेलिकॉप्टरने विष टाकलं, तरी वर्षाअखेर कॅमेऱ्यात उंदीर दिसलाच.

आता पोटाचा मुद्दा. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर साडेतीनशेच्या आसपास लोक राहतात. १९१८ मध्ये खडकावर आदळलेल्या जहाजातून तिथे मोठे उंदीर उतरले. विष टाकायचा प्रस्ताव आला तेव्हा गावात वर्षानुवर्षं भांडणं झाली. लेकरांचं काय, गुरांचं काय? ही भीती रास्तच होती. आपल्या गोठ्याजवळ कुणी विष टाकू म्हटलं तर आपणही विचारूच. अखेर २०१९ मध्ये मोहीम झाली आणि तिथल्या दुर्मीळ वुडहेन पक्ष्याची संख्या झपाट्याने वाढली. फिलिपिन्सच्या अपो बेटावर तर मासेमारांनीच १९८२ मध्ये प्रवाळाचा एक भाग मासेमारीला बंद केला.

आणि हे बघायला समुद्रापार कशाला जायला हवं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला. तेंदूपत्त्यात नगद पैसा असतो, हे इथे कुणाला सांगायला नको. पण त्यासाठी फांद्या तोडल्या जातात, वणवे लावले जातात, म्हणून गावाने ती तोडणीच सोडली. बांबू मात्र स्वतः विकला. जंगल आपल्या हातात राहणार ही खात्री असल्यावरच असा निर्णय होतो.

शाळा-दवाखान्यासाठी एखादं गाव स्वतःहून बाहेर पडत असेल, तर त्याला कुणी अडवू नये. पण २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे व्याघ्र प्रकल्पातून गाव हलवण्याआधी हक्कांची मान्यता पूर्ण व्हावी लागते आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. मजकूर फिरवणाऱ्यांनी ती संमती कुठल्या ग्रामसभेने, कोणत्या तारखेला दिली, ते सांगावं.