गावचं पोस्ट कायद्यात लिहा

२०२५ मध्ये भारतात रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि आमच्या गावाकडच्या मंडळींत जुना वाद पुन्हा पेटला. पत्रं कोणी लिहीत नाही, मग तोट्यातली खेड्यातली पोस्टं सरकारनं किती दिवस पोसायची?

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या एका लहान गावात राहते. पत्रं इथेही आटली आहेत. २०२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलिया पोस्टला सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा झाला. २०२४ पासून पत्रं टप्प्याटप्प्यानं एक दिवसाआड वाटली जाऊ लागली. पण म्हणून गावोगावच्या पोस्टांना सरसकट टाळं लावता येत नाही, कारण किमान आकडा नियमांतच लिहिला आहे: देशभर निदान ४,००० पोस्टं, त्यांतली २,५०० ग्रामीण आणि दुर्गम भागात.

पोस्ट गावाच्या हक्काचं आहे, ही भावना एका दिवसात आली नाही. सिडनीत १८०९ मध्ये आयझॅक निकोल्स पहिला पोस्टमास्तर नेमला गेला, तेव्हा पोस्ट त्याच्या राहत्या घरात होतं. पुढे वस्त्या आत सरकल्या तशी पोस्टं किराणा दुकानात, रेल्वे स्टेशनात, शेतावरच्या घरात उघडली. सांभाळणारा सरकारी नोकर नसे. दुकानदार असे, कित्येकदा त्याची बायको किंवा विधवा. मानधन तुटपुंजं, जागा पदरची. १९१२ मध्ये सरकारी कॉमनवेल्थ बँक सुरू झाली तीही पोस्टांच्या खिडक्यांवरून. टेलिफोन आला की एक्स्चेंजही बहुधा त्याच खोलीत, मग रात्री-अपरात्री उठून कॉल जोडायचं कामही त्याच बाईकडे. न्यू साउथ वेल्समधल्या वानारिंगला तर हाताने कॉल जोडणं १९९१ पर्यंत चाललं! आज मोठ्या बँकांनी गावच्या शाखा बंद केल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी पैसे भरायला-काढायला पुन्हा तीच खिडकी उरली आहे.

म्हणून 'पत्रं संपली, पोस्ट संपलं' हे मला पटत नाही. गावात पोस्टानं पत्रांपलीकडचंच काम जास्त केलं आहे. आपल्याकडे पेन्शन, बचत खातं, सुकन्या समृद्धीचं पासबुक यांसाठी म्हातारी माणसं कुठे जातात, ते बघा.

मात्र इथलं सगळंच उचलू नये. १९९३ पासून इथली बहुतेक गावची पोस्टं परवानाधारक चालवतात. मिळणाऱ्या मोबदल्यात भागत नाही, ही त्यांची तक्रार २०१४ मध्ये सिनेटच्या चौकशीपर्यंत गेली. म्हणजे सेवेची हमी देशानं दिली आणि तिचा भार दुकानदाराच्या गल्ल्यावर पडला. आपले ग्रामीण डाकसेवक याच कचाट्यात आहेत. चार-पाच तासांचा मोबदला, शाखेसाठी जागा स्वतःची, आणि खातेदार मात्र संध्याकाळीही दारात. त्यांना नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा द्यावा, ही मागणी मला न्याय्य वाटते.

भारतात शाखा उघडायचे निकष आहेत, लोकसंख्येचे आणि अंतराचे, पण ते टपाल खात्याचे आहेत. खातं ते बदलू शकतं. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा आला, त्यात किमान किती ग्रामीण पोस्टं राहतील याचा आकडा नाही. तोट्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी तो आकडा संसदेत मागावा, आणि त्याच्या शेजारी डाकसेवकाच्या पगाराची रक्कमही.