एकही गोळी न झाडता अफगाणिस्तानातला हेलमंद प्रांत पडला म्हणे!

मामांनी फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज ढकलला: 'तीन लाखांच्या अफगाण फौजेने एकही गोळी न झाडता देश तालिबानच्या हवाली केला. भ्रष्टाचार त्यांच्या रक्तातच आहे. आता बघा, शांतता आहे, अफूही बंद.' खाली अंगठ्यांची रांग. मग लिहावंच लागतं.

तीन लाख होते कुठे, मामा? जानेवारी 2016 मध्ये हेलमंदच्या प्रांतिक परिषदेच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं की तिथले सुमारे 40 टक्के जवान अस्तित्वातच नाहीत. नाव हजेरीपटावर, पगार साहेबाच्या खिशात. अफगाणिस्तानातल्या खर्चावर नजर ठेवायला अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या 'सिगार'चे अहवाल अशा कागदी शिपायांनी भरलेत. 2019 मध्ये बायोमेट्रिक नोंदीवर मोजणी सुरू झाली, तर आकडा तब्बल 42 हजारांनी उतरला. आणि जे खरोखर चौकीवर होते त्यांचं काय? 2021 मध्ये कंदहारच्या आघाडीवर एका पोलीस तुकडीचं दिवसाचं रेशन म्हणजे बुळबुळीत झालेल्या बटाट्यांचं एक खोकं. हे खा आणि लढा!

तरी लढलेच. 20 वर्षांत 66 हजारांच्या आसपास अफगाण जवान आणि पोलीस मारले गेले. हेलमंदची राजधानी लष्करगाह दोन आठवडे गल्लीबोळांत लढून 13 ऑगस्ट 2021 ला पडली. काही शहरांत बोलणी करून शस्त्रं खाली ठेवली, हे खरंय. पण 'एकही गोळी नाही' ही शुद्ध थाप.

'रक्तातच' वाचून तर डोकंच फिरलं. 2005 मध्ये हेलमंदचे गव्हर्नर शेर मोहम्मद अखुंदजादा यांच्या आवारात सुमारे नऊ टन अफू सापडली. जप्तीचा माल आहे, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटिशांनी हट्ट धरला म्हणून ते हटले, तर तेव्हाचे अफगाण राष्ट्राध्यक्ष करझाई यांनी त्यांना थेट तिथल्या सिनेटवर नेलं. तालिबानशी लढायला हवेत म्हणून असल्या सरदारांना जवळ केलं अमेरिकेनेच. सोबत हिशेब न विचारता पैसा ओतला, आणि त्यातून भ्रष्टाचार पोसला गेला, असं सिगारचा 2016 चा अहवालच सांगतो. यात रक्त कुठून आलं?

अफूचं मात्र बरोबर आहे, काय करणार. तालिबानच्या एप्रिल 2022 च्या बंदीनंतर पुढच्याच वर्षी लागवड 95 टक्के घटली, असं संयुक्त राष्ट्रं सांगतात. अफूपासून शेतकऱ्यांना मिळणारं उत्पन्नही 92 टक्के बुडालं, हे त्याच अहवालातलं वाक्य मेसेजवाल्याने गाळलंय.

राहिली शांतता. रस्त्यात सुरुंग पेरणारेच सरकारात बसल्यावर सुरुंग पेरणार कोण? सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे, तेही या शांततेच्या हिशेबात धरा.