शहाळं आणणाऱ्यांची बाजू

ताई, तुमची प्रतिक्रिया सोमवारीच वाचली. मंगळवारी डायलिसिस होतं (माझ्या किडन्या बंद पडल्यात, त्यांच्या जागी मशीन रक्त साफ करतं), आणि त्या रात्री माझ्याच्यानं नुसतं पडून राहणं होतं. म्हणून उत्तराला उशीर. शिवाय राग आला होता, तो उतरू दिला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मागच्या लेखात मी समाचाराला येणाऱ्यांची टिंगल केली, "धीर धरा, सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्यांना नावं ठेवली. तुमचे मिस्टर सात महिने अंथरुणाला खिळून होते आणि पहिल्या महिन्यानंतर उंबऱ्यात कुणी फिरकलं नाही. "तुमच्याकडे माणसं शहाळी घेऊन येतात, त्याची तुम्हाला किंमत नाही. असले लेख वाचून येणारेही यायचे थांबतील," असं तुम्ही लिहिलंत.

शेवटचं वाक्य लागलं. त्याच्याकडे येतो, पण आधी शहाळ्याचं सांगू द्या, कारण ते मी नीट लिहिलंच नव्हतं. आपल्याकडे आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि हातात काय न्यायचं तर शहाळं. इतर बऱ्याच आजारांत ते चालतं. माझ्या आजारात त्यातलं पोटॅशियम आडवं येतं. तुमच्या किडन्या ते लघवीवाटे काढून टाकतात, माझ्या काढत नाहीत. मशीनवर मंगळ, गुरु, शनि असे ३ दिवस, दर वेळी ४ तास. चांगल्या किडन्या आठवड्याचे १६८ तास जे काम करतात ते माझ्यासाठी १२ तासांत उरकायचं. शनिवार ते मंगळवारचा गॅप सगळ्यात वाईट. रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ मध्ये असावं, माझं एका मंगळवारी ६.४ निघालं होतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते आधी कळवून बिघडत नाहीत. पाण्याचंही तसंच. चहा, ताक, आमटी सगळं धरून मला दिवसाला एक लिटर. आणि येणारा प्रत्येक जण सांगतो, "भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते."

एवढं झाल्यावर आता कबुली. मागच्या लेखात शहाळी आणली म्हणून ज्या चुलतभावावर विनोद केला, त्यानं ती चार शहाळी स्वतःच्या झाडाची उतरवून आणली होती. मी त्याला पंधरा मिनिटं पोटॅशियम समजावलं. तो "बरं" म्हणाला, शहाळी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली, थोडा वेळ बसला आणि गेला. त्यानंतर चार महिने आला नाही. हे मी लेखात लिहिलं नव्हतं. बायकोनं त्याच रात्री ऐकवलं होतं, "तुम्ही त्याला रिपोर्ट वाचून दाखवलात, चहा नाही विचारलात." तेव्हा तुमचं शेवटचं वाक्य खोटं नाही. ते माझ्या घरात आधीच घडून गेलंय.

पण "सगळं ठीक होईल"बद्दल जे लिहिलं ते मी मागे घेणार नाही. माझ्या किडन्या पुन्हा चालू होणार नाहीत. डायलिसिस, नाहीतर कुणाची तरी किडनी, तिसरा रस्ता नाही. समोरचा हे वाक्य म्हणतो तेव्हा मला "हो, हो" म्हणावं लागतं, हसावं लागतं, आता बराच फरक आहे असं सांगावं लागतं. धीर द्यायला आलेल्याला मीच धीर देऊन वाटेला लावतो, आणि तो गेल्यावर दमून आडवा होतो. "पॉझिटिव्ह राहा" तर आमच्याकडे चालतच नाही. डायलिसिसवाल्याला पॉझिटिव्ह म्हटलं की हिपॅटायटिसचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, रिपोर्ट आठवतो. ज्याचा हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, त्याचं मशीनच वेगळं असतं.

मला खरा धीर दिला तो शेजारच्या बेडवरच्या अण्णांनी. तोवर ९ वर्षं मशीनवर काढलेला माणूस. पहिल्या दिवशी म्हणाले, "सुया घालताना तिकडं बघू नका. महिन्याभरानं बघा." मग डायलिसिसच्या पेशंटला साध्या एसटीत सवलत असते, तिचे कागद कुठून करायचे ते सांगितलं. हाताच्या फिस्टुलावर (सुया घालायला ऑपरेशननं जोडून केलेली शीर) झोपायचं नाही, त्या हातानं घागर उचलायची नाही, सकाळी उठल्यावर बोट ठेवून त्याची थरथर बघायची. बास. पुढे आमचं बोलणं एवढंच, मशीननं अंगात साठलेलं पाणी किती काढलं त्याचं: "आज किती पाणी काढलं?" "अडीच लिटर." "माझं साडेतीन. पुतण्याचं लग्न होतं." आणि आम्ही दोघंही हसायचो. गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी त्या बेडवर दुसरंच कुणी होतं. विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

आता त्या बेडवर चोवीस वर्षांचा पोरगा आहे. पहिल्या दिवशी त्याच्या हातात सुई जाताना माझ्या तोंडून काय निघालं असेल? "काही होत नाही रे, सगळं ठीक होतं." शब्दाला शब्द. त्याचं वय बघून माझीच टरकली होती, म्हणून निघालं. पोरानं डोळे मिटून घेतले. घरी येऊन मी माझा लेख पुन्हा वाचला, आणि तो लिहिणारा मला जरा जास्तच शहाणा वाटला.

तुमच्या मिस्टरांकडे लोक का आले नाहीत, हे मी कोण सांगणार? पण मला वाटतं, आपल्याकडे समाचार ही एकदा उरकायची गोष्ट आहे. ऑपरेशन झालं, भेटून आलो. कुणी गेलं, जाऊन आलो. जो आजार संपतच नाही, त्याला दुसऱ्यांदा कधी जायचं, काय न्यायचं, काय बोलायचं, याची रीतच नाही. मग माणसं अवघडतात आणि अवघडली की टाळतात. तुमच्या बाजूनं त्यामुळे काही हलकं होत नाही, हे कळतं मला. सात महिने तुम्ही एकट्यानं काढलेत. मला निदान कटकट वाटावी इतकी माणसं येत होती.

काल चुलतभावाला फोन केला. माफी वगैरे जमली नाही. शनिवारी मुलाची परीक्षा आहे, मला कराडला डायलिसिसला न्यायला कुणी नाही, तू येशील का, एवढंच विचारलं. तो लगेच हो म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "येताना काय आणू?"

सफरचंद सांगितलंय. एकच.