‘जेवून घेतली की दुखण्याची गोळी बाधत नाही’ हे खरं नाही

गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी-आजोबांसाठी म्हणून एक मेसेज घरोघरी फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: दुखण्याची गोळी पोटभर जेवून, सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की रोज चालते, पोट नाजूक असेल तर इंजेक्शन घ्यावं, बीपीच्या गोळ्यांशी तिचा संबंध नाही, रक्ततपासणीत क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) नॉर्मल असेल तर किडनीची काळजी नको. सत्तरीपुढच्या माणसाला यातलं एकेक वाक्य महागात पडू शकतं.

आधी पोट. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही दुखण्याच्या गोळ्यांतली औषधं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात. त्याने सांध्याची सूज उतरते, पण जठराचं आतलं अस्तर सुरक्षित राहतं तेही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. औषध रक्तात उतरलं की हे संरक्षण कमी होतं, मग गोळी भाकरीनंतर घ्या, उपाशीपोटी घ्या, नाहीतर इंजेक्शन टोचून घ्या. जेवणाने फार तर मळमळ कमी होईल, अल्सर टळत नाही. म्हातारपणी पोटात जराही न दुखता एकदम रक्तस्राव सुरू होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होऊ लागलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला खरोखर जपते, पण ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. मेसेजप्रमाणे जेवून घेतली तर तिचा जोर कमी पडतो. आणि किडनीला तिचं काहीच संरक्षण नाही.

सर्वांत घातक वाक्य बीपीचं. वयामुळे किंवा पाणी कमी पडल्यामुळे किडनीचा रक्तपुरवठा घटला, की तिच्यात रक्त आणणारी बारीक नलिका प्रोस्टाग्लँडिनच्या आधाराने उघडी राहते. दुखण्याची गोळी तो आधार काढून घेते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल हे बीपीचं औषध किडनीतून रक्त बाहेर नेणारी नलिका सैल करतं. लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की किडनीच्या गाळणीतला दाब पडतो आणि किडनी थोड्या दिवसांत बंद पडू शकते. बीपीच्या एकाच गोळीत कधी कधी यातली दोन औषधं असतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं. पाकिटावर ‘टेल्मिसार्टन’ आणि ‘हायड्रोक्लोरोथायाझाइड’ (लघवी वाढवणारं औषध) ही दोन्ही नावं आहेत का, आजच पाहा. जुलाब, उलट्या, वैशाखातलं ऊन, वारीतली दिवसभराची चाल, अशा वेळी धोका आणखी वाढतो. शिवाय दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि पायांवर सूज येते, ते वेगळंच.

आता क्रिएटिनीन. ते स्नायूंतून रक्तात येतं, किडनी ते बाहेर टाकते, आणि म्हातारपणी स्नायू झिजतात. म्हणून किडनी थकली तरी आकडा साळसूद दिसतो. किडनी मिनिटाला साधारण किती मिलिलीटर रक्त गाळते, याचा हिशेब करून पाहा: 140 मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, मग 72 गुणिले क्रिएटिनीन याने भागा, स्त्री असेल तर उत्तराला 0.85 ने गुणा. 78 वर्षांच्या, 45 किलोच्या आजींचं क्रिएटिनीन 1.1 असेल तर उत्तर येतं जेमतेम 30. रिपोर्टवर मात्र त्याखाली लाल रेघही नसेल!

मग दुखणं सोसायचं का? मुळीच नाही. एखाद-दुसऱ्या गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकचं जेल आधी वापरावं, कारण त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. पण वाटाण्याएवढं लावून गुण येत नाही. 1 टक्क्याचं जेल एका गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून चारदा लागतं. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवससुद्धा पुरत नाही. पोटात घ्यायचं तर पॅरासिटामॉल, दिवसाला 3 ग्रॅमच्या आत. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहूनही कमी. एसिक्लोफिनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, तेही मोजायचं. आणि डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहून दिलीच, तर ती किती दिवसांनी थांबवायची आणि क्रिएटिनीन-पोटॅशियम कधी तपासायचं, हे चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.